रस्त्यालगतचे एकरभर रान आणि डॉक्टरकीची जागा

चोपडा तालुक्यातल्या एका खेड्यातून, आशा सेविका म्हणून काम करणाऱ्या एका ताईंचे पत्र आले आहे. त्यांच्या इच्छेनुसार नाव आणि गाव वगळून त्यातला मुख्य भाग देतो.

«सर, माझी मुलगी यंदा दहावीला ९३ टक्क्यांनी पास झाली. तिला डॉक्टर व्हायचे आहे. आमची साडेचार एकर कोरडवाहू जमीन आहे, कपाशी आणि मका घेतो. माझे मानधन धरून वर्षाचे दोन-सव्वादोन लाख हाती येतात, कधी तेवढेही येत नाहीत. लातूरच्या एका क्लासवाल्यांनी दोन वर्षांचे शिकवणी, होस्टेल आणि मेस मिळून साडेपाच लाख सांगितले. कोणी म्हणते राजस्थानात कोट्याला पाठवा. मुलीचे वडील रस्त्यालगतचे एकरभर रान विकायला तयार आहेत. सासूबाई म्हणतात, ‹आंडेर शे, इतला पैसा कसाले?› (मुलगी आहे, एवढा पैसा कशाला?) धाकटा मुलगा सातवीत आहे. मी आरोग्य केंद्रात जाते, तिथे येणारे डॉक्टर सगळे बाहेरचे; कोणाचे वडील डॉक्टर, कोणाची आई प्राध्यापक. आमच्यासारख्यांच्या पोरीला ही वाट आहे का, की आम्ही रान घालवून बसू? आम्ही ओबीसी आहोत.»

ताई, रान यंदा विकू नका आणि मुलीला या वाटेवरून परतही फिरवू नका. ही दोन वाक्ये तुम्हाला परस्परविरोधी वाटतील, म्हणून कारणे सविस्तर लिहितो.

आरोग्य केंद्रात तुम्ही जे पाहिले ते खरे आहे आणि ते केवळ आपल्याकडचे नाही. अमेरिकेतील वैद्यकीय महाविद्यालयांच्या संघटनेने आपल्या विद्यार्थ्यांच्या घरची मिळकत तपासली, तेव्हा सुमारे तीन चतुर्थांश मुले मिळकतीच्या पाच पायऱ्यांपैकी वरच्या दोन पायऱ्यांवरच्या घरांतली निघाली. आपल्या देशात तमिळनाडू सरकारने न्यायमूर्ती ए. के. राजन यांची समिती नेमली होती. ‹नीट› ही वैद्यकीय प्रवेशाची देशभरची परीक्षा सक्तीची झाल्यावर ग्रामीण भागातली, तमिळ माध्यमातली आणि अडीच लाखांखालच्या वार्षिक उत्पन्नाच्या घरांतली मुले वैद्यकीय प्रवेशात कमी झाली, आणि पुन्हा पुन्हा परीक्षेला बसणारे रिपीटर वाढले, असे तिच्या २०२१ च्या अहवालात दिसले. त्या राज्याने शासकीय शाळांत शिकलेल्या मुलांसाठी २०२० पासून साडेसात टक्के जागा वेगळ्या ठेवल्या आहेत. महाराष्ट्रात तशी तरतूद नाही. ती असावी असे माझे मत आहे, पण तुमच्या मुलीला ज्या नियमांनी प्रवेश घ्यायचा आहे ते आजचे नियम आहेत, म्हणून त्यांच्याविषयीच बोलू.

राजन समितीच्या अहवालातला रिपीटरांचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण मी एकतीस वर्षे कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवले आणि हाच प्रकार वर्गात पुन्हा पुन्हा पाहिला. एकाच बाकावर बसणारे दोन विद्यार्थी मला आजही आठवतात. एक रोज पहाटेच्या एसटीने येई, वडील सालदार. पहिल्या प्रयत्नात त्याला दुसऱ्यापेक्षा चांगले तीस-पस्तीस गुण जास्त पडले होते, तरी शासकीय जागेला ते थोडक्यात अपुरे ठरले. दुसऱ्याच्या वडिलांचे शहरात औषधांचे दुकान होते. पहिल्याच्या घरी आणखी एक वर्ष मुलाला बसवून पोसण्याची ऐपत नव्हती, तो बी.एस्सी.ला गेला आणि पुढे औषध कंपनीत लागला. दुसरा एकदा नाही, दोनदा रिपीट करून एमबीबीएसला लागला आणि आज चांगला डॉक्टर आहे, त्याच्याविषयी माझी काही तक्रार नाही. पण त्या दोघांत हुशारीचा फरक नव्हता. फरक होता तो हरल्यावर पुन्हा खेळायला मिळण्याचा.

आता पैशांचा हिशेब पाहू. डॉक्टरकी म्हटले की आपल्याकडच्या आई-बापांच्या डोळ्यांसमोर कॉलेजची फी उभी राहते. तुमच्या मुलीच्या बाबतीत नेमकी तीच सर्वांत कमी काळजीची बाब आहे. शासकीय महाविद्यालयात वर्षाचे शुल्क साधारण लाख-दीड लाखाच्या घरात असते. जुलै २०२४ मधील शासन निर्णयाप्रमाणे, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या ओबीसी, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे, आणि त्यात वैद्यकीय शिक्षण येते. प्रवेश शासनाच्या केंद्रीभूत फेरीतून झाला असेल तर खाजगी विनाअनुदानित महाविद्यालयातही ही सवलत लागू होते. व्यवस्थापन कोट्याला आणि खाजगी अभिमत विद्यापीठांना मात्र ती नाही. «आधी पूर्ण फी भरा, शासनाकडून आली की परत देऊ» असे सांगणाऱ्या संस्था भेटतात. शासनाच्या सूचना तशा नाहीत, एवढे लक्षात असू द्या. विकास शुल्क, अनामत, वसतिगृह, मेस, पुस्तके हा खर्च उरतोच. त्यासाठी ओबीसी विद्यार्थ्यांना ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे, आणि साडेसात लाखांपर्यंतचे शैक्षणिक कर्ज बँकेला शेत तारण न देताही मिळू शकते.

म्हणजे जागा मिळाल्यावर शासन पैसे देते, बँकही देते. जागा मिळेपर्यंतच्या दोन-तीन वर्षांसाठी मात्र फारसे कोणी काही देत नाही. क्लासच्या फीसाठी शैक्षणिक कर्ज सहसा मिळत नाही, आणि रिपीट करणाऱ्या मुलाला तर ना कॉलेज असते ना बसचा पास. गरीब घरातली मुले बहुतेक याच टप्प्यावर गळतात. ताई, तुमच्याकडे या टप्प्यासाठीचा पैसा एकदाच उभा राहू शकतो, तो म्हणजे ते एकरभर रान. तो पहिल्याच दोन वर्षांत लातूरच्या होस्टेलवर आणि मेसवर संपला आणि मुलीला पहिल्या प्रयत्नात पंधरा-वीस गुण कमी पडले, तर त्या वेळी तुमच्या हातात काहीच उरणार नाही. माझा सारा सल्ला या एका भीतीतून आलेला आहे.

कोटा शहराविषयी एक धोक्याची गोष्ट आधीच सांगतो. महाराष्ट्रातल्या शासकीय महाविद्यालयांतल्या ८५ टक्के जागा राज्याच्या कोट्यातून भरल्या जातात, उरलेल्या १५ टक्के देशपातळीवर. राज्याच्या कोट्यासाठी महाराष्ट्राचा अधिवास लागतो आणि त्याबरोबर दहावी व बारावी दोन्ही महाराष्ट्रातल्या शाळा-महाविद्यालयातून उत्तीर्ण झालेली असावी लागते. काही ठराविक नोकरदारांच्या मुलांनाच यात सूट आहे. मुलगी राजस्थानात कोट्याला गेली आणि तिकडच्या शाळेतून बारावी झाली, तर आपल्या घरच्या ८५ टक्के जागांवरचा तिचा हक्क जातो. खान्देशात हे फार घडते, कारण आपला मुलूख दोन राज्यांना खेटून आहे. सुरतेला उधना-लिंबायतमध्ये आपली हजारो कुटुंबे आहेत. नंदुरबारकडची मुले गुजरातच्या शाळांत जातात, रावेरकडची बुऱ्हाणपूरला. दहा-बारा किलोमीटरवरची शाळा म्हणून घातलेले मूल प्रवेशाच्या वेळी परराज्यातले ठरते. हे आई-बापांना कळते तेव्हा बारावीचा निकाल लागून गेलेला असतो. तुमच्या नात्यातले कोणी सुरतेला असेल तर त्यांना आजच कळवा.

जवळच्या महाविद्यालयांविषयीही एक गैरसमज आहे. आपल्याकडे २०१८ पर्यंत धुळ्याचे भाऊसाहेब हिरे हे एकच शासकीय वैद्यकीय महाविद्यालय होते. त्या वर्षी जळगावला दुसरे सुरू झाले आणि २०२० मध्ये नंदुरबारला तिसरे. लोकांना वाटते, कॉलेज आपल्या जिल्ह्यात आले म्हणजे जागा आपल्या मुलांना आल्या. तसे नसते. या जागा साऱ्या राज्याच्या गुणवत्ता यादीतून भरतात. पूर्वी ७०:३० ची प्रादेशिक पद्धत होती, म्हणजे ७० टक्के जागा त्या विभागातल्या मुलांना आणि ३० टक्के साऱ्या राज्याला; तीत विदर्भ आणि मराठवाडा हे वेगळे विभाग धरले जात आणि खान्देश ‹उर्वरित महाराष्ट्रात› पुण्या-मुंबईच्या ताटात बसे. म्हणजे मागासलेपण आपले आणि स्पर्धा पुण्याशी. सप्टेंबर २०२० मध्ये ती पद्धत रद्द झाली. आता नागपूर-नांदेडच्या जागा आपल्या मुलांना खुल्या झाल्या, तसे लातूरची मुले धुळ्या-जळगावच्या जागांवर येऊ लागली. याचा अर्थ एवढाच, की पसंतीक्रम भरताना मुलीने «घराजवळच हवे» असा हट्ट धरू नये. गडचिरोली मिळाले तरी जावे.

तरीही जवळचे महाविद्यालय मुलांना वेगळ्या तऱ्हेने उपयोगी पडते. डॉक्टर होऊ घातलेली मुले रस्त्यावर, बसमध्ये, रुग्णालयात दिसू लागली की ते काम आपल्यालाही जमण्यासारखे वाटू लागते. आणि ग्रामीण भागातून आलेले विद्यार्थी पुढे ग्रामीण भागात काम करण्याची शक्यता अधिक असते, म्हणून त्यांना प्रवेशात वाव द्यावा, असे जागतिक आरोग्य संघटना २०१० पासून सांगत आली आहे. धडगाव-अक्कलकुव्यात पावरी किंवा भिली बोलणाऱ्या बाईचे दुखणे दुभाष्यामार्फत समजून घेणारा डॉक्टर तुम्ही नक्कीच पाहिला असेल, म्हणून यावर अधिक लिहीत नाही.

आता परीक्षेकडे वळू, कारण ‹पास› या शब्दाने फार घोटाळा केला आहे. ‹नीट› ७२० गुणांची असते. २०२५ च्या परीक्षेला २२ लाखांवर मुले बसली आणि १२ लाखांवर पात्र ठरली. देशातल्या एमबीबीएसच्या साऱ्या जागा, शासकीय आणि खाजगी धरून, सव्वा लाखाच्या आसपास आहेत. त्या वर्षी पात्रतेची रेषा खुल्या गटाला १४४ आणि ओबीसीला ११३ गुणांवर होती. आपल्या राज्यात शासकीय जागा मिळवायला मात्र खुल्या गटाच्या या रेषेच्याही तिपटीहून अधिक गुण लागले. «नीट पास झाली» म्हणून पेढे वाटणारे आणि लगेच «सीट करून देतो» म्हणणारे एजंट या दोन रेषांमधल्या अंतरावरच जगतात. बारावीचे गुण या यादीत धरले जात नाहीत; भौतिक, रसायन आणि जीव या तीन विषयांत मिळून खुल्या गटाला ५० टक्के आणि राखीव गटाला ४० टक्के पुरतात. दहावीच्या ९३ टक्क्यांचा आनंद जरूर करा, पण त्यावरून ‹नीट›चा अंदाज बांधू नका. दहावी पाठांतरावर निभावते.

मग ही दोन वर्षे कशी काढावीत? माझे मत असे, की मुलीने चोपड्यात किंवा फार तर जळगावात, जिथे भौतिकशास्त्राचे शिक्षक खरोखर रोज वर्गावर येतात अशा कनिष्ठ महाविद्यालयात प्रवेश घ्यावा. प्रवेशाआधी तुम्ही स्वतः जाऊन अकरावीच्या एखाद्या मुलीला विचारा, तासाला शिक्षक येतात का आणि प्रयोगशाळा उघडते का. कॉलेजच्या माहितीपत्रकापेक्षा ती खरे सांगेल. ‹नीट›मध्ये १८० प्रश्न असतात, त्यांतले ९० जीवशास्त्राचे आणि भौतिक व रसायनाचे प्रत्येकी ४५. जीवशास्त्राचे ३६० गुण एनसीईआरटीचे पुस्तक ओळीनओळ वाचून खेड्यात बसूनही मिळवता येतात, हे मी अनेक मुलींना करताना पाहिले आहे. आपली मुले अडतात ती भौतिकशास्त्रात, कारण तिथे गणित लागते, सराव लागतो आणि चुकले तर शेजारी बसून चूक दाखवणारा माणूस लागतो. क्लासवर पैसे खर्च करायचेच असतील तर ते भौतिकशास्त्राच्या एका चांगल्या शिक्षकावर करा. सगळ्या विषयांचे पॅकेज घेऊ नका.

ओबीसी, भटक्या-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गातल्या नॉन-क्रिमिलेअर (ठरलेल्या उत्पन्न मर्यादेतल्या) मुलांना ‹महाज्योती› संस्थेकडून ‹नीट›चे ऑनलाइन प्रशिक्षण मोफत मिळते आणि त्यासाठी टॅबही दिला जातो. अर्ज दहावीच्या निकालानंतर मागवतात, म्हणून हे काम या महिन्यातच करावे लागेल. ऑनलाइन शिकवणीला एक मर्यादा आहे: शिस्त लावणारे कोणी समोर नसते. ती तुम्हाला लावावी लागेल, आणि त्यासाठी विषय समजायची गरज नाही. दर रविवारी मुलगी घड्याळ लावून तीन तास सराव परीक्षा देते की नाही, आणि चुकलेले प्रश्न वेगळ्या वहीत लिहिते की नाही, एवढेच पाहा. गरोदर बायांच्या नोंदी तुम्ही जशा ठेवता, तशाच या गुणांच्या ठेवा. बारावीपर्यंत एसटीचा पास मुलींना मोफत आहे, त्यामुळे रोजचे जाणे-येणे खर्चाचे नाही. पण रोजचे तीन तास बसमध्ये जाणार असतील तर परवडत नाही. तेवढ्यापुरते जळगावला कॉट बेसिसवर किंवा वसतिगृहात ठेवणे हा योग्य खर्च आहे, आणि तो साडेपाच लाखांच्या आसपासही जाणार नाही.

परीक्षेची प्रश्नपत्रिका मराठीतही मिळते, तरी मुलीने इंग्रजीची निवड करावी असे मी सुचवेन. अकरावी-बारावीचे विज्ञान आपल्याकडे इंग्रजीतूनच शिकवले जाते, पुढची साडेचार वर्षे आणि त्यानंतरची वर्षभराची इंटर्नशिपही त्याच भाषेत आहे, आणि भाषांतरात शंका आली तर इंग्रजी प्रश्नच प्रमाण धरतात. पहिले चार महिने तिला ते जड जाईल आणि एखाद्या चाचणीत ती रडेलही. त्यावरून निर्णय बदलू नका.

रानाचा प्रश्न खरा उभा राहील तो पहिल्या ‹नीट›च्या निकालानंतर. त्या वेळी घरात बसून तुमच्या वहीतले वर्षभराचे गुण मुलीसमोर मांडा. गुण महिन्यागणिक चढत आले असतील, जागेपासूनचे अंतर थोडे असेल आणि मुलगी स्वतः आणखी एक वर्ष मागत असेल, तर रान विकूनसुद्धा ते वर्ष तिला द्या; लातूरला किंवा आणखी कुठे, रिपीटर बॅचला घाला. तोवर अभ्यासक्रम तिचा एकदा झालेला असेल, म्हणून तिथला खर्च एकाच वर्षाचा आणि कामी येणारा असेल. गुण जागच्या जागी थांबलेले असतील तर विकू नका, मग क्लासवाले काहीही सांगोत. दुसऱ्यांदा रिपीट करण्याच्या मी विरुद्ध आहे. तेवढा काळ आणि तेवढा ताण सोसणारी मुले क्वचित असतात, आणि त्या वर्षांत मुली एकट्या पडतात.

रान विकून परदेशी एमबीबीएसला पाठवण्याचा विचार कोणी डोक्यात घातला तर तो सरळ बाजूला सारा. तिकडून शिकून आलेल्यांना इथे व्यवसायासाठी जी परीक्षा द्यावी लागते, तिच्या बहुतेक सत्रांत उत्तीर्णांचे प्रमाण तीस टक्क्यांच्या आत राहते, आणि वर भारतात आणखी वर्षभर इंटर्नशिप असते. एजंट या दोन्ही गोष्टी शेवटी सांगतो. त्यापेक्षा त्याच ‹नीट›च्या गुणांवर बीएएमएस किंवा पशुवैद्यकीय मिळत असेल तर त्याचा मोकळ्या मनाने विचार करावा, मात्र मुलीला न विचारता नव्हे.

धाकट्या मुलाचा वाटा जाईल ही सासूबाईंची धास्ती मी हसण्यावारी नेणार नाही. साडेचारातला एक एकर म्हणजे थोडा नाही. त्यांना हिशेब असा सांगा, की रान आज जात नाही, फी मुलीला माफ आहे, आणि एमबीबीएस झाल्यावर तिला शासनाकडे वर्षभर बंधपत्रित सेवा करावी लागते, ती पगारी असते. ही सेवा सक्तीची आहे, हेही सांगा, म्हणजे नंतर घरात वाद नको.

आणि एक काम या पावसाळ्यात सुरू करा, कारण मला आठवणाऱ्या कितीतरी चांगल्या गुणांच्या मुलांची जागा त्यावाचून गेली. राखीव जागेवर प्रवेश घेताना जातीच्या दाखल्यापाठोपाठ जात वैधता प्रमाणपत्र आणि चालू मुदतीचे नॉन-क्रिमिलेअर लागते. देशपातळीवरच्या १५ टक्के जागांसाठी केंद्राच्या नमुन्यातला दाखला वेगळा काढावा लागतो. वैधतेचा अर्ज अकरावीतच जळगावच्या समितीकडे गेला पाहिजे. ओबीसीसाठी त्यात १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा मागतात, म्हणजे तुमच्या सासऱ्यांच्या किंवा त्यांच्या भावांच्या शाळेतली नोंद नाहीतर कोतवाल बुकातला (गावच्या जुन्या जन्म-मृत्यूच्या नोंदवहीतला) उतारा. सासरे कोणत्या गावी, कोणाकडे राहून चौथीपर्यंत शिकले, हे आता घरात सासूबाईंखेरीज कोणाला ठाऊक असेल? संध्याकाळी त्यांच्याजवळ बसून तेवढे विचारून घ्या.